उसण आणि उसनं इंग्रजी

आमच्या कराडच्या शाळेत इंग्रजीत एकच आजार होता: फीव्हर. रजेचा अर्ज पाचवीपासून पाठ. 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर...' कुणाला गालगुंड झालेलं असो, कुणाला कांजिण्या आलेल्या असोत, कुणी मामाच्या लग्नात चार दिवस जिलब्या वाढून आलेला असो, अर्जात सगळे फीव्हरनेच फणफणलेले. एकजण चिंचेवरून पडून हात गळ्यात बांधून आला, तर त्याच्याही अर्जात फीव्हरच. फ्रॅक्चरचं स्पेलिंग त्याला येत नव्हतं. सरांनी प्लास्टरकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं आणि मुकाट सही केली. सरांनाही येत नसावं, असा माझा जुना संशय आहे.

एवढ्या भांडवलावर मी इंग्लंडात अकरा वर्षं काढली. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल घ्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. त्याला भाषा लागत नाही. मग मे महिन्यात सासूबाई आल्या.

सासूबाई तासगावच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. त्या सहसा आजारी पडत नाहीत, पण पडल्या तर दुखण्याचं वर्णन असं करतात की ऐकणाऱ्यालाही तिथेच दुखायला लागावं. आल्या दिवसापासून आमच्या डिशवॉशरवर त्यांचा राग. 'त्या कपाटात भांडी घासतात की लपवतात?' म्हणत त्या धुतलेली भांडी काढून पुन्हा विसळायच्या. तिसऱ्या आठवड्यात खालच्या कप्प्यातलं कुकरचं भांडं काढायला वाकल्या आणि वाकल्या तशाच राहिल्या.

"अगं, उसण भरली."

नवरा धावत आला, आईला धरून खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाला, "तू फोन कर ना डॉक्टरांना. तुझं इंग्रजी चांगलंय." माझं इंग्रजी चांगलं असल्याचं त्याला अशाच वेळी आठवतं. एरवी मी 'व्हेज' आणि 'वेज'मध्ये गफलत केली की चारचौघांत हसतो. एवढं बोलून तो मीटिंगला वरच्या खोलीत गेला.

इथे डॉक्टरांची वेळ हवी तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा. आठ वाजून शून्य मिनिटांनी लावला तरी तुमच्या पुढे अठरा जण. मी फोन स्पीकरवर ठेवला. त्यातली बाई दर मिनिटाला सांगत होती, "थँक यू फॉर कॉलिंग द सर्जरी."

सासूबाई खुर्चीतच ताठ झाल्या. "सर्जरी? नुसत्या उसणीला?"

इंग्रज लोक साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, तिथे ऑपरेशन सोडून बाकी सगळं होतं, हे मी त्यांना समजावेपर्यंत नंबर लागला आणि खरी बाई बोलायला लागली. काय होतंय, तिने विचारलं. आता उसण 'भरते'. मराठीत ती भरतेच, दुसरं काही करत नाही. तोंडातून निघून गेलं, "समथिंग हॅज फिल्ड इन हर बॅक."

पलीकडे शांतता. मग अतिशय सभ्य आवाजात, "फिल्ड विथ व्हॉट?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "छातीत जळजळतंय तेही सांग. आणि कालपासून कणकण आहे म्हणावं." मी सांगितलं, "ऑल्सो, बर्निंग इन द चेस्ट." बाईचा आवाजच बदलला. घाम येतोय का, डाव्या हातात कळ जातेय का, जबडा दुखतोय का, श्वास लागतोय का. यातलं काही असेल तर फोन ठेवा आणि नाइन नाइन नाइन लावा. मी घाबरून सासूबाईंना एकेक विचारलं. सगळ्याला नकार. "काल मिसळ खाल्ली ना गं रात्री, करपट ढेकरा येतायत," त्या म्हणाल्या. मी मिसळीचं जमेल तसं वर्णन केलं. तर्रीपर्यंत आले आणि बाई सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "ओह, हार्टबर्न!"

छाती म्हटलं तर अँब्युलन्स काढतात आणि हृदय जळतंय म्हटलं की यांना हायसं वाटतं. अशा लोकांशी बोलायचं कसं?

पुढचा प्रश्न. "हॅज शी गॉट अ टेम्परेचर?" मी विज्ञानाची पदवीधर. टेम्परेचर दगडालाही असतं. थर्मामीटर बघून सांगितलं, "सदतीस पॉइंट दोन." "सो, नो टेम्परेचर," म्हणत तिने ते लिहून घेतलं. सासूबाईंना हे भाषांतर करून सांगितलं तर त्यांनी थर्मामीटरकडे अशा नजरेने पाहिलं, जशी त्या तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्याकडे बघत असतील. "कणकण आतली असते. ती काचेला काय दिसणार?"

दुसऱ्या दिवशी अकरा वीसची वेळ मिळाली. मिनिटं दहा.

त्या रात्री मी परीक्षेसारखा अभ्यास केला. तेव्हा कळलं की वेदनेच्या शब्दांची रीतसर मोजदाद झालेली आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एक प्रश्नावली छापली. तीत दुखण्याचे ७८ शब्द, २० गटांत लावलेले, प्रत्येक गट सौम्यापासून जहालापर्यंत. पहिल्याच गटात फ्लिकरिंगपासून पाउंडिंगपर्यंत सहा पायऱ्या. मला एकदम त्या माणसाविषयी आपुलकी वाटली. हा तासगावला आला असता तर सासूबाईंनी त्याला शंभरी भरून दिली असती.

मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे सासूबाई सांगतील ते, उजवीकडे मेलझॅकसाहेब. ठणका थ्रॉबिंगपाशी बसला, पण ठणका हा मुख्यतः रात्री दोनचा असतो आणि दाताचा असला तर त्याला देवसुद्धा आठवतो, हे थ्रॉबिंगमध्ये कुठे आहे? चमक शूटिंगमध्ये गेली. कळ कुठेच जाईना. कळ येते, थांबते, पुन्हा येते. तिच्यात घड्याळ आहे. रग लागणं, हुळहुळणं, ठुसठुसणं, झोंबणं, चुरचुरणं हे सगळे उजवीकडे रिकाम्या चौकटी ठेवून उभे. चुरचुरण्यासमोर शेवटी स्टिंगिंग लिहिलं, आणि ते गांधीलमाशीचं वाटलं म्हणून खोडलं.

रात्री एक वाजता माझ्या लक्षात आलं की गोची शब्दांची नाहीच, क्रियापदांची आहे. इंग्रजी शरीर जागच्या जागी उभं असतं आणि आजार त्याच्या मालकीचे असतात: आय हॅव अ कोल्ड, आय हॅव अ कफ, जसं आय हॅव अ सायकल. मराठी शरीर म्हणजे सांगलीचा एस्टी स्टँड. डोळे येतात, तोंड येतं, पोट जातं, घसा बसतो, कान फुटतो, पाठ धरते, डोकं उठतं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचे डोळे आले तेव्हा त्याने ऑफिसला कळवलं होतं, 'माय आईज हॅव कम.' त्याच्या मॅनेजरने अभिनंदन केलं. त्याला वाटलं, चष्मा पार्सलने आला.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, पस्तिशीचे, गालावर मुलीने लावलेलं वाटावं असं निळं स्टिकर विसरून आलेले. त्यांनी पहिलाच प्रश्न साधा विचारला. "हॅज शी बीन सिक?"

"येस," मी म्हटलं. "सिन्स येस्टरडे मॉर्निंग."

"हाऊ मेनी टाइम्स?"

किती वेळा? उसण एकदा भरली की भरली. "कंटिन्युअसली," मी म्हणाले. त्यांनी चमकून सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसत निवांत बसल्या होत्या. इथे 'बीन सिक' म्हणजे उलटी होणं, हे मला तेव्हा उमगलं. अकरा वर्षांत मी किती जणांना आपण काल दिवसभर ओकत होतो असं सांगितलंय, याचा हिशेब मनात सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

मग ते दुखण्याकडे वळले. शार्प की डल? मी 'डल'चं 'मंद' केलं. "मंद? मी रात्रभर छताकडे बघतेय आणि मंद?" बरं, शूटिंग आहे का? शूटिंग हा शब्द सासूबाईंना भाषांतराशिवाय समजला. "इथे? कुठल्या सिनेमाचं?" आमच्या भागात दर दोन वर्षांनी एखाद्या वाड्यात शूटिंग असतंच, त्यामुळे त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

"ऑन अ स्केल ऑफ वन टु टेन?"

मी सांगितलं, "आई, दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचेत."

आता शिक्षिका जागी झाली. "दहा म्हणजे काय धरायचं?" मी ते डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजवर सोसलेलं सगळ्यात वाईट दुखणं. सासूबाईंनी डोळे मिटले. "दहा म्हणजे याच्या वेळच्या कळा." 'हा' म्हणजे माझा नवरा, जो त्या क्षणी बाहेर गाडीत बसून मीटिंग करत होता. "दोन रात्री आणि एक दिवस. त्या मानाने ही उसण दोन. चल, सव्वादोन."

डॉक्टरांनी 'दोन' लिहिलं. मी कळवळून सांगायला लागले की दोन म्हणजे तुमच्याकडचे आठ, यांच्याकडे पेपर कडक तपासतात. त्यांनी मान हलवली, पण आकडा बदलला नाही.

ॲलर्जी? हे सोपं वाटलं होतं. पण सासूबाईंना ॲलर्जी नाही, त्यांना 'बाधतं'. "वांगं बाधतं. पपई उष्ण पडते. दही रात्री बाधतं." मी प्रामाणिकपणे एकेक सांगत गेले आणि डॉक्टर टाइप करत गेले. "कर्ड. ओन्ली आफ्टर सनसेट." तिथे त्यांची बोटं थांबली. त्यांनी बॅकस्पेस दाबलेलं मला ऐकू आलं. बराच वेळ दाबत होते.

पोट तपासून ते म्हणाले, "कुड बी अ बिट ऑफ ट्रॅप्ड विंड." मी म्हटलं, "आई, ते म्हणतायत वारा अडकलाय." सासूबाईंचा चेहरा उजळला. "वायगोळा! बघ, शिकलेला आहे मुलगा." त्या एका वाक्याने डॉक्टरांची पत इतकी वाढली की पुढचा प्रश्न पचला.

पुढचा प्रश्न स्टूल्सचा होता. पाठ दुखत असली की इथले डॉक्टर लघवी-शौचाची चौकशी करतातच, मणक्यातली नस दाबली गेली नाही ना हे बघायला. पण ते सासूला विचारायचं काम सुनेकडे! मी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "पोट साफ होतं ना?" सासूबाई म्हणाल्या, "कसं म्हणजे? कुठल्या दिवशीचं?" माझी अडचण ओळखून डॉक्टरांनी खणातून एक कागद काढला. ब्रिस्टल स्टूल चार्ट. ब्रिस्टलमध्ये तयार झालेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला, सात प्रकारांचा, चित्रांसह. पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा, शेंगदाण्या-बदामांसारखा. तिसरा आणि चौथा सॉसेजसारखा. जन्मात अंडं न खाल्लेल्या बाईला मी सॉसेज समजावणार, एवढ्यात त्यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला. मुलांचा निबंध तपासावा तसा वरून खालपर्यंत वाचला. बोट ठेवलं.

"चार नंबर." मग थोडं थांबून, "एकादशीला एक. साबुदाण्यामुळे."

मी भाषांतर करायच्या आतच डॉक्टरांनी चार बोटं आणि मग एक बोट दाखवलं. सासूबाईंनी मान डोलावली. गेल्या दोन दिवसांतलं पहिलं संभाषण, ज्यात मला कुणी विचारलंच नाही.

निदान झालं: पाठीचा स्नायू दुखावलाय. स्प्रेन नव्हे, स्ट्रेन. स्प्रेन सांध्याच्या बंधाचा, स्ट्रेन स्नायूचा, हे त्यांनी हाताने दाखवून सांगितलं आणि मी घरी येईपर्यंत कुठला कुणाचा ते विसरले. शेक घ्या, झोपून राहू नका, हळूहळू चाला, पॅरासिटामॉल घ्या.

"सुई नाही?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही हो आई."

"नुसती पॅरासिटामॉल? ती तर आपल्या फ्रिजवरच्या डब्यात आहे." त्या पर्स सावरत उठायला लागल्या, कळ आली, पुन्हा बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, यांना विचार, इथे कोणी पायाळू आहे का?"

"आई, नको."

"विचार तर खरं. आपल्या गल्लीत दोन आहेत. पाय लावला की दुसऱ्या दिवशी माणूस शेतात."

दहा मिनिटांतलं एक उरलं होतं. बाहेर एक पोर खोकत होतं. सुनेने सासूचा निरोप पोचवायचा असतो. मी घसा साफ केला आणि विचारलं, "शी वुड लाइक टु नो... वेअर यू बॉर्न फीट फर्स्ट?"

डॉक्टरांनी कीबोर्डवरून हात काढले. "अँड इफ आय वॉज?"

"देन यू हॅव टु किक हर. ऑन द बॅक. व्हेरी जेंटली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई त्यांच्याकडे आशेने बघत होत्या, नजर बुटांवर. डॉक्टर अगदी मनापासून खेद वाटल्यासारखे म्हणाले, "सिझेरियन, आय ॲम अफ्रेड."

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"कळलं. सिझर." कमरेवर हात ठेवून त्या उठल्या. "चल मग, यांचा काही उपयोग नाही."