तीन मिनिटांत बसवलेला यमन

परवा आमच्या इथल्या छोट्या संग्रहालयात संध्याकाळी गाण्याचा आणि इतिहासाचा कार्यक्रम होता. जावं की नाही, या विचारात दोन दिवस गेले. कारण असे कार्यक्रम मी आधी पाहिले आहेत. एका ठिकाणी दोन उत्तम वादक कोपऱ्यात बसून जीव ओतून वाजवत होते आणि लोक दालनभर हिंडत, फोटो काढत, मोठमोठ्याने बोलत होते. वाजवणं कधी थांबलं तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. "हात लावू नका" अशा पाट्या जिथे पावलोपावली, तिथे वाजणाऱ्या सुरांची कुणालाच पर्वा नसावी, हे मला फार लागलं होतं.

परवाचं मात्र तसं झालं नाही. कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण असं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

विषय एकच ठेवला होता: मायक्रोफोन येण्याआधीचं ध्वनिमुद्रण. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यानंतर दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. विजेवर चालणारं मुद्रण सुरू झालं १९२५ मध्ये. म्हणजे मधली जवळजवळ पन्नास वर्षं माणसं एका कर्ण्यात तोंड घालून गात होती. त्या आवाजाच्या जोराने एक पातळ पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरत जायची. बस्, एवढंच यंत्र. आवाज वाढवणारं काहीही नाही.

हे सगळं भाषणात सांगून मोकळं होता आलं असतं. त्यांनी काय केलं, तर गायिकेला आधी बैठकीत नेहमीसारखं गायला सांगितलं. यमन. वीस-पंचवीस मिनिटं. सावकाश आलाप, निषादावरून गंधारावर येताना घेतलेला तो विसावा, मग बंदिश. दालनात माइक लावलाच नव्हता. दगडी फरशीमुळे आवाज किंचित घुमत होता, पण पहिल्या पाच मिनिटांत सगळे असे शांत झाले की तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू यायला लागली.

मग तिला उठवलं. समोर लाकडी स्टँडवर लांब कर्णा. तबलजीला सहा पावलं मागे सरकवलं, पेटी एका अंगाला. टेबलावर घड्याळ. "आता हाच राग तीन मिनिटांत," निवेदक म्हणाले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं.

आलाप गेला. दोन स्वरांमधली ती ऐसपैस जागा गेली. मुखडा, चढी लय, भरभर दोन ताना, संपलं. वरच्या षड्जाला जाताना तिला मागे व्हावं लागत होतं, नाहीतर सुई उडाली असती. खालच्या स्वरांना पुन्हा कर्ण्यात शिरायचं. त्या काळी गाणाऱ्याला खांद्याला धरून मागेपुढे करायला मुद्रणवाल्यांचा माणूस उभा असायचा म्हणे. एक चूक झाली की ते मेण वाया, पुन्हा पहिल्यापासून.

घड्याळाचा काटा तीनवर आला तेव्हा तिला धाप लागली होती. आणि दालनातल्या प्रत्येकाला, ज्याला रागातलं काही कळत नाही त्यालासुद्धा, समजलं होतं की यंत्राने गाण्याचं काय केलं. मला कुणी शंभर पानं वाचायला दिली असती तरी हे इतकं आत उतरलं नसतं.

यानंतर खरी जुनी तबकडी लावली. त्या काळची नावाजलेली गायिका गौहर जान. १९०२ मध्ये गायस्बर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला, त्याने हिंदुस्थानी गायकांची जी पहिली मुद्रणं केली त्यांत ही होती. तबकड्यांच्या शेवटी ती खणखणीत आवाजात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, "माय नेम इज गौहर जान". मेणाचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कामगारांना कोणाचा आवाज हे कळावं म्हणून ही घोषणा, असं सांगतात. माहीत होतं मला हे. पण समोर एक बाई नुकतीच धापा टाकत तीन मिनिटं गाऊन बसलेली असताना ते नाव ऐकलं, आणि अंगावर काटा आला. केवढा दम असेल त्या आवाजात!

मला म्हणायचंय ते हेच. संग्रहालयातलं गाणं ही सजावट नव्हे. काचेमागच्या ताम्रपटाला जो मान, तोच त्या गाण्याला हवा, कारण तेही तेवढाच पुरावा असतं. इतिहास आधी, मग "आता थोडं मनोरंजन", अशी फाळणी केली की दोन्ही कोरडी राहतात. परवा निवेदक सलग सात-आठ मिनिटांच्या वर बोललेच नाहीत. जे कानाने कळणार होतं ते त्यांनी तोंडाने सांगितलं नाही.

कार्यक्रमानंतर एका गृहस्थांनी विचारलं, काचेतली जुनी वाद्यं बाहेर काढून का नाही वाजवली? प्रश्न रास्त आहे, पण माझं मत स्पष्ट आहे, नकोच. तारा चढवल्या की जुन्या लाकडावर ताण येतो, आणि एकदा गेलेली चीर परत मिटत नाही. जगात दोन्ही रिवाज आहेत. विख्यात वादक पॅगानिनीची १७४३ ची व्हायोलिन इटलीतल्या जिनोव्हा शहराकडे आहे, ती कडक देखरेखीखाली अधूनमधून वाजवतात. उलट ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातली, स्ट्रादिवारी या कारागिराची १७१६ ची 'मसाया' व्हायोलिन न वाजवताच जपली आहे आणि आजही नव्यासारखी दिसते. इजिप्तचा राजा, म्हणजे फॅरो, तुतनखामेन याच्या थडग्यातल्या तुताऱ्या १९३९ मध्ये रेडिओवर वाजवल्या, पण फुंकणी आधुनिक बसवून. मग लोकांनी जो आवाज ऐकला तो फॅरोच्या काळचा म्हणायचा की विसाव्या शतकातला? त्यापेक्षा चांगल्या कारागिराकडून प्रतिकृती करून घ्यावी आणि ती मनसोक्त वाजवावी. आमच्याकडचा कर्णाही नवा घडवलेला होता. त्याने काहीच बिघडलं नाही.

आणि यासाठी मोठं संग्रहालय लागतं असंही नाही. युद्धकाळात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती, भिंती ओक्याबोक्या होत्या. तिथे पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या आणि १९४६ पर्यंत दीड हजारांहून जास्त मैफली झाल्या. दाखवायला जवळपास काही नसतानाही लोक तिथे येत राहिले, ऐकायला. आपल्या छोट्या संग्रहालयांकडे तर दाखवायला पुष्कळ असतं. हवा असतो तो एक नेमका विषय, तो खरोखर अभ्यासलेला एक माणूस, आणि आधी गवयाबरोबर बसून केलेली तालीम. ही तालीम झालेली परवा जाणवत होती.

एकच तक्रार. शेवटी दिवे पटकन लावले. लोकांना ग्रामोफोनजवळ जायचं होतं, पोलादी सुई दर तबकडीला का बदलतात ते बघायचं होतं. एक दहा-बारा वर्षांची मुलगी तबकडी कशाची असते म्हणून विचारत होती. शेलॅकची, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेल्या लाखेची, किड्याने झाडावर केलेल्या त्याच लाखेची, हे सांगितल्यावर तिने तबकडीचा वास घेऊन पाहिला. अशा गोष्टींना अर्धा तास मोकळा ठेवायलाच हवा.

आमच्या माळ्यावर आजोबांच्या सात तबकड्या आहेत. एकीला तडा गेलाय, दोघींवरची लेबलं वाचता येत नाहीत. गेल्या महिन्यात आवराआवरीत त्या टाकायच्या ढिगात गेल्या होत्या. काल खाली काढल्या, मऊ कापडाने पुसल्या, आणि आडव्या रचून न ठेवता उभ्या ठेवल्या. रविवारी त्या घेऊन संग्रहालयात जाणार आहे. कुणाकडे अशा असतील तर सांगा, बरोबर जाऊ.