गाठीच्या मापावर स्टेज ठरत नाही

'ओव्हरीच्या कॅन्सरची स्टेज घरीच ओळखा. गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत पहिली, १० पर्यंत दुसरी, पुढं तिसरी. सीए-१२५ हा ३५ च्या वर गेला की कॅन्सर पक्का. पिशवी काढलेल्या बायांनी निश्चिंत राहावं.' बीडच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आलाय. मी पॅथॉलॉजीत काम करतो, म्हणून एकदाच लिहितो.

आधी माप. ऑपरेशननंतर फॉर्मॅलिनच्या बादलीतून एकदा कलिंगडाएवढी गाठ आली. कवच गुळगुळीत, कुठं तडा नाही. ती पहिल्या स्टेजची निघाली. दुसऱ्या एका बाईची ओव्हरी जेमतेम बोराएवढी, पण आतड्यावरचा चरबीचा पदर शिळ्या भाकरीसारखा कडक झालेला. ती तिसरी. 'फिगो' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या पद्धतीत आजार कुठवर गेला ते बघतात: ओव्हरी आणि नळ्यांतच असेल तर पहिली, ओटीपोटात उतरला तर दुसरी, त्याबाहेर पोटाच्या आवरणावर किंवा पाठीकडच्या लसीकाग्रंथींत गेला तर तिसरी, छातीतल्या पाण्यात किंवा यकृताच्या आत पोचला तर चौथी. सेंटिमीटर आहेत, नाही असं नाही. पण तिसऱ्या स्टेजमधली २ सेंटिमीटरची रेघ पोटात पसरलेल्या ठिपक्यांसाठी आहे, मूळ गाठीसाठी नाही. उलट पहिल्या स्टेजची गाठ काढताना फुटली, तर 'वन ए'ची 'वन सी' होते, म्हणजे पहिल्याच स्टेजमधली वरची पायरी. म्हणूनच संशय असला की सर्जन गाठीत सुई घालायचं टाळतात.

सीए-१२५ म्हणजे रक्तात मोजायचं एक प्रथिन. त्याचा आकडा पाळीत, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) वाढतो. पोटाच्या टीबीत तर पोटात पाणी होतं आणि आकडा शेकड्यांत जातो, अगदी कॅन्सरसारखाच. आणि पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या बायांत तो वाढलेलाच नसतो. शिवाय कमी वयाच्या मुलींत होणारा जर्म सेलचा, म्हणजे बीजपेशींचा, प्रकार वेगळा. तिथं रक्तात एएफपी, एचसीजी, एलडीएच हे वेगळे घटक बघतात.

राहिली पिशवी. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य सगळ्यात घातक आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवी म्हणजे गर्भाशय; ओव्हऱ्या आतच असू शकतात. घरातलं जुनं डिस्चार्ज कार्ड काढा. नुसतं 'टीएएच' (पोटातून गर्भाशय काढलं) लिहिलंय, की पुढं 'बीएसओ'ही आहे, ते बघा. 'बीएसओ' म्हणजे दोन्ही बाजूंच्या ओव्हऱ्या आणि नळ्या काढल्या. तसं असलं तरी पोटाच्या आवरणाचा कॅन्सर क्वचित होतो, आणि त्याची स्टेजही याच फिगोच्या तक्त्यानं लावतात.