भोपाळचा ३३७ टन कचरा जळाला, जमीन तशीच आहे

‘चाळीस वर्षांनी भोपाळ विषमुक्त’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याचा सगळा विषारी कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला नेऊन जाळला, उरलंसुरलं विष इतक्या वर्षांत जिरून गेलं, भरपाई तर केव्हाच मिळाली, तेव्हा आता तिथे स्मारक बांधा आणि विषय मिटवा. यातलं कचरा जाळल्याचं तेवढं खरं आहे. बाकीचं वाचून भोपाळच्या त्या वस्त्यांमधल्या लोकांसाठी जीव तुटतो.

आधी ‘सगळा कचरा’ घेऊ. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून निघाले. त्यांत ३३७ टन माल होता: उकरलेली माती १६२ टन, सेविन हे कीटकनाशक आणि ते बनवायला लागणारं नॅफ्थॉल यांचे अवशेष ९२ टन, अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक ५४ टन आणि रिअॅक्टरमधले अवशेष २९ टन. हा माल २००५ मध्येच गोळा करून कारखान्याच्या आवारातल्या गोदामात ठेवला होता. म्हणजे जे वर पडलं होतं, उचलता येत होतं, तेवढं गेलं. खाली काय आहे? नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला तो अकरा लाख टनांचा. भागाकार करून पाहा. दर दहा हजार किलोमागे तीन किलो हलले आहेत.

ही माती दूषित झाली कशी, ते या मजकुरात कुठेच नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळं २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायूमुळे झालं. तसं नाही. कारखाना सुरू झाला तेव्हापासून टाकाऊ रसायनं आवारातच खड्ड्यांत टाकली जात होती. १९७७ मध्ये कुंपणाबाहेर उत्तरेला तीन मोठे तलाव बांधले. सांडपाणी तिथे सोडायचं, उन्हाने पाणी उडून जायचं आणि गाळ तळाशी राहायचा, अशी ती सोय. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर होतं, पण ते टिकलं नाही. तलाव गळतात हे भोपाळहून अमेरिकेतल्या मूळ कंपनीला १९८२ मध्येच टेलेक्सने कळवलेलं आहे, दुर्घटनेच्या दोन वर्षं आधी. त्या रात्री वायू गळला नसता तरी या वस्त्यांच्या पाण्यात विष उतरणारच होतं.

‘चाळीस वर्षांत जिरून गेलं’ हे तर रसायनशास्त्रालाच धरून नाही. या मातीत पारा आहे; तो मूलद्रव्य असल्याने त्याचं विघटन होत नाही. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेंझीन ही तिथली द्रव्यं पाण्याहून जड. ती भूजलात तरंगत नाहीत, खाली उतरतात, खडकाच्या भेगांत बसतात आणि तिथून थोडी थोडी पाण्यात सुटत राहतात. पावसाने ती धुऊन निघत नाहीत, उलट पाण्याबरोबर पुढे सरकतात. म्हणून तर कारखान्याभोवतीचे हातपंप लाल रंगवून पिण्यास अयोग्य ठरवावे लागले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना नळाचं शुद्ध पाणी द्या असा आदेश द्यावा लागला. बाधित वस्त्यांची यादी पुढे वाढतच गेली. २०१८ मध्ये लखनौच्या आयआयटीआर या विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर ती ४२ वर पोचली. जिरत चाललेल्या विषाची यादी वाढत नसते.

जाळलं म्हणजे नाहीसं झालं, हेही अर्धंच खरं. सेंद्रिय रसायनं योग्य तापमानाला जळतात, धातू जळत नाहीत. चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने मागे राहिलेली राख आणि अवशेष मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक, आठशे टनांच्या वर आहेत, आणि ते पिढ्यान् पिढ्या जपावे लागणार आहेत. पीथमपूरच्या लोकांनी विरोध केला तेव्हा त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एक आठवावं: २०११ मध्ये हाच कचरा नागपूरजवळ जाळायचं ठरलं होतं, तेव्हा आपणही कडाडून विरोध केला होता. आपली भीती रास्त आणि त्यांची खुळी, असं कसं?

भरपाईचं थोडक्यात. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुगळतीच्या दाव्यांची होती, जमीन आणि पाणी साफ करण्याची नव्हे. केंद्र सरकारनेच २००५ मध्ये न्यायालयात जाऊन युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलने सफाईसाठी शंभर कोटी रुपये आगाऊ भरावेत अशी मागणी केली होती. हिशेब मिटला असता तर ती केली असती का? हा ३३७ टन कचरा हलवून जाळायचा १२६ कोटींचा खर्चही शेवटी सरकारी तिजोरीतूनच झाला.

राहिलं स्मारक. ते व्हायलाच हवं, पण या मातीवर आत्ता फरशी घालणं म्हणजे पुरावा आणि विष दोन्ही झाकणं. आधी जुने खड्डे आणि तलावांचा तळ खोलीनिहाय तपासायचा, कुठे किती पारा, कुठे किती क्लोरिनयुक्त द्रव्यं याचा नकाशा करून तो लोकांसमोर ठेवायचा. मग कोणती माती काढायची, कोणती तापवून शुद्ध करायची, कुठलं भूजल उपसून गाळायचं हे ठरेल. तलावांच्या जागेभोवती पक्कं कुंपण मात्र आजच घालता येतं, आणि बेचाळीसही वस्त्यांतल्या नळाच्या पाण्याची तपासणी दर पावसाळ्यानंतर करून तिचे आकडे वस्तीतच फळ्यावर लावता येतात.