मास्तर, तुमचा फॉर्म मला अरेतुरे करालाय

परवा रात्री साडेनऊला आमटीत भाकरी कुस्करून पहिला घास उचलला आणि फोन वाजला.

"मास्तर, तुमच्या फॉर्मानं माझा अपमान केलाय."

सातवीच्या उजळणीसाठी मी गूगल फॉर्म केला होता. साध्या क्विझमध्ये चूक-बरोबर सगळं सबमिट केल्यावर कळतं. मला जागच्या जागी तपासणारा हवा होता, म्हणून प्रत्येक प्रश्नाला रेग्युलर एक्सप्रेशनचं, म्हणजे उत्तर पडताळणाऱ्या साच्याचं, कुलूप घातलं. उत्तर अक्षरन् अक्षर जुळलं तरच पुढचं पान, नाहीतर लाल रंगात माझंच वाक्य: 'चूक! पुन्हा वाच.'

फोनवर एका मुलीचे आजोबा. प्रश्न तिसरा, मलप्रभा नदीचा उगम कुठे?

"कणकुंबी लिहिलं का तिनं?"

"तिनं कशाला, मी लिहिलो. माउलीच्या देवळाजवळ. चूक म्हणालंय."

"ओ, गावाचं नाव लिहायचं होतं."

"गाव माझं हाय ओ! जन्म तिथला. पाणी कुठनं येतंय ते मला तुमचा फॉर्म दावणार? आणि वर एकेरीत? 'वाच' म्हणालंय. माझी बायको बी मला 'वाचा' म्हणतीय!"

म्हटलं, नुसतं कणकुंबी लिहा. लिहिलं. पुन्हा लाल. आता घाम मला. स्क्रीनशॉट मागवला, तर आधी म्हशीचा फोटो आला. मग खरा आला: 'कणकुम्बी'. अनुस्वाराच्या जागी जोडलेला म. उच्चार तोच, पण यंत्राच्या लेखी गावं दोन.

खरं तर ही भानगड मला नवी नव्हती. जिल्ह्याचं नाव २०१४ साली कागदोपत्री बेळगावी झालं, पोरं लिहितात बेळगाव. त्या प्रश्नाला मी मधे उभी दांडी (|, यंत्राच्या भाषेत 'किंवा') टाकून दोन्ही उत्तरं चालवून घेतली होती. दोन सरकारांना जमलं नाही ते एका दांडीत जमवलं म्हणून दोन दिवस जरा ताठ चालत होतो. कणकुंबीत पाय घसरला.

आणि हे सगळं कशासाठी, तर म्हणे तपासायचे कष्ट वाचतात! दहा प्रश्न फळ्यावर लिहायला दहा मिनिटं लागतात. इथं अख्खा रविवार गेला, नेटपॅक माझा, आणि वर मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्हाला आता बरं झालं की सर, काम न्हाई." परिपत्रकं कन्नडात येतात, ती मराठीत समजावून सांगायचं कामही फॉर्मच करतो बहुतेक.

साडेदहाला लॅपटॉप उघडून दांड्या टाकल्या. कणकुंबी, कणकुम्बी आणि हो, माउलीच्या देवळाजवळ. 'वाच'चं 'वाचा' केलं. ताटात भाकरीचा लगदा झाला होता.

पुन्हा फोन.

"गेलं बघा पुढं! आता गोकाकचा धबधबा कुठल्या नदीवर म्हणून विचारालंय. थांबा जरा, तिथं माझी मेव्हणी दिल्याली हाय, तिलाच फोन लावतो."