वसई किल्ल्यातल्या ‘खजिन्या’च्या मेसेजबद्दल

माझ्या भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘रविवारी मित्रांसोबत जातोय, छिन्नी-हातोडी घेऊन.’ म्हणून हे लिहायला बसलो. वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमधल्या कोरीव दगडांवर खजिन्याच्या खुणा आहेत, किल्ल्यातून भुयार थेट अर्नाळ्याला जातं, चिमाजी अप्पांनी एका दिवसात सगळी चर्च पाडली आणि रात्री तिथे भुतं फिरतात, असं त्यात ठोकून दिलंय.

भुतांवर एक ओळही खर्च करणार नाही.

खजिन्यावर मात्र बोलायलाच हवं, कारण त्यापायी खरं नुकसान होतंय. अरे बाबांनो, ते दगड थडग्यांचे आहेत! चर्चच्या जमिनीतच बसवलेले. ‘नकाशा’ म्हणून ज्याचा फोटो फिरतोय ते मृताच्या घराण्याचं चिन्ह आहे. ‘गुप्त लिपी’ म्हणजे साधी रोमन अक्षरं, भाषा पोर्तुगीज. ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची, अमुक साली वारला, एवढाच बहुतेक मजकूर. जागा वाचवायला अक्षरं एकमेकांत अडकवून कोरलीत, म्हणून अनोळखी वाटतात. एका दगडाचा कोपरा छिन्नीने उडवलेला मी पाहिलाय. त्या टवक्यासोबत मृत्यूचं सालच गेलं. आता ते कुठून आणणार?

शिवाय खजिना मागे राहील कसा? मे 1739 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला मराठ्यांच्या हवाली केला, त्या तहाची कलमं इतिहासकार जेर्सन दा कुन्हा यांनी 1876 साली छापली आहेत. शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडावं; रहिवाशांनी आपली चीजवस्तू घेऊन जावं. घाबरून सोनं पुरून पळालेले लोक नव्हते ते, सामान बांधून गेले.

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तोडफोडीला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि समजा काही सापडलंच, तर 1878 च्या गुप्तधन कायद्याने 10 रुपयांवरच्या ऐवजाचीही खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

भुयाराचं म्हणाल तर बुरुजाच्या पोटात अंधारी वाट आहे, हे खरं. पण अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे. समुद्राखालून भुयार कोण खणणार?

राहिले चिमाजी अप्पा. वेढ्यात तोफा आणि सुरुंगांनी पडझड झाली, घंटा नेल्या गेल्या, हे मान्य करावं लागेल. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली 1721 सालची घंटा वसईचीच मानतात. पण एका दिवसात सगळं पाडलं असतं, तर सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आज उभा दिसता ना. शहराला उतरती कळा आधीच लागली होती. 1618 च्या वादळाने चर्चची छपरं उडवली होती. 1695 मध्ये इटालियन प्रवासी जेमेली कारेरी आला, तेव्हा साथीमुळे उत्तरेकडचा एक तृतीयांश भाग ओस पडलेला त्याने पाहिला. चिमाजी अप्पांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.