गॅम्पचा नियम आणि गार फुलके

आमच्याकडे रात्री पानं घेतली की गॅम्पही जेवायला येऊन बसतो. हा गॅम्प कोण, कुठला, काही पत्ता नाही. हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकात त्याचा नुसता नियम येतो. छडी फिरवून बऱ्याच वस्तू काढता येतात, पण त्याला पाच मोठे अपवाद आहेत आणि पहिला अपवाद अन्नाचा. शून्यातून वाटाण्याची उसळ निघत नाही म्हणजे नाही. उरलेले चार अपवाद कोणते, ते रोलिंगबाईंनी पुस्तकांत सांगितलेलंच नाही. बाईंनी चार जागा मोकळ्या सोडल्या आणि त्या भरायचा मक्ता माझ्या नवऱ्याने आणि लेकीने घेतला.

नवरा जुना वारकरी. शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं, तेव्हा हा भल्या सकाळी दुकानाबाहेर रांगेत उभा होता. रेशनच्या रांगेत त्याला कुणी कधी पाहिलेलं नाही. लेक इंजिनिअरिंगला आहे. तिला प्रत्येक मंत्रामागे ‘पण मग वस्तुमान जातं कुठे?’ हा प्रश्न पडतो. स्वतःच्या खोलीतल्या पसाऱ्याबद्दल मात्र पडत नाही.

“सोनं नक्की अपवाद,” नवरा म्हणतो. “नाहीतर पहिल्या पुस्तकात परिसासाठी एवढी मारामारी कशाला?”

“अरे बाबा, ती मारामारी परिसातून निघणाऱ्या अमृतासाठी होती. व्होल्डेमॉर्टला कुठे दागिने करायचे होते?”

फ्रिजवर दुधाच्या हिशेबाशेजारी यादी लावलेली आहे. सोनं, पुढे प्रश्नचिन्ह. प्रेम. मेलेला माणूस. चौथ्या जागेवर रोज खाडाखोड. परवा तिथे ‘अक्कल’ असं लिहिलेलं सापडलं. अक्षर सासूबाईंचं होतं.

यात तुझं काय जातं, असं बहिणीने फोनवर विचारलं. माझे फुलके जातात. फुलका तव्यावरून जाळावर टम्म फुगतो, ताटात पडतो, आणि तूप लावून तोंडात घालायला फार तर मिनिटभर मिळतं. इथे मिनिटभरात बाप-लेक अजून दुसऱ्या पुस्तकातच असतात. फुलका हुश्श करून बसतो, मग त्याच्या कडा कडक होतात, मग दोघं तो हातात धरून मुद्दा मांडताना हवेत फिरवतात.

दुसऱ्या पुस्तकाचा मुद्दा असा, की प्रोफेसर मॅकगोनॅगल छडी रोखतात आणि टेबलावर सँडविचची थाळी हजर होते. वर ती संपत आली की आपोआप भरते. मग गॅम्पचं काय? लेकीचा सिद्धांत म्हणतो की ती सँडविचं काढलेली नव्हेत, बोलावलेली. हॉगवर्ट्सच्या, म्हणजे जादूच्या शाळेच्या, जेवणघराखाली स्वयंपाकघर आहे आणि तिथे शंभरावर हाउस-एल्फ, म्हणजे बुटके घरगडी, राबतात, हे चौथ्या पुस्तकात उघड होतंच. मला हा सिद्धांत पटतो. तीन वर्षं हॅरी समजत होता की मेजवानी जादूने ताटात उगवते. खाली कुणीतरी घाम गाळतंय हे कळायला त्याला चौथं वर्ष उजाडावं लागलं. आमच्या घरात अजून तिसरंच चालू आहे.

खरा घोळ हॅरीच्या मित्राच्या, रॉनच्या आईने, मिसेस विझ्लींनी घातलाय. चौथ्या पुस्तकात त्या रागारागाने तांब्याचं पातेलं आपटतात, आत छडी फिरवतात आणि छडीच्या टोकातून सायीसारखा दाट सॉस ओघळायला लागतो. नवरा म्हणतो, सॉस फडताळात होता, छडी म्हणजे नुसता नळ. लेक म्हणते, टोकाला थेंबभर होता, तो वाढवला.

कारण वाढवायला परवानगी आहे. सातव्या पुस्तकात हॅरी, रॉन आणि त्यांची मैत्रीण हर्मायनी तंबूत असताना ती हा नियम ऐकवते: कुठे आहे ते ठाऊक असेल तर अन्न बोलावता येतं, त्याचं रूप बदलता येतं, थोडं हाताशी असेल तर वाढवता येतं. एकूण काय, विरजण. हॅरीने धरलेला मासा तिने जमेल तसा रांधलेला, आणि रॉन दातातला काटा काढत कुरकुरतोय की आमची आई हवेतून झकास जेवण काढते. वर म्हणतो, हे मात्र वाढवू नकोस! स्वयंपाक दर वेळी माझ्याच गळ्यात का, मुलगी म्हणून? असं ती फणकारते, तर हा म्हणतो, छे, तू जादूत सगळ्यांत हुशार म्हणून. ‘तुझ्याच हाताला चव आहे’ या वाक्याचं हे विलायती भावंड.

मी एकदा तोंड घातलं. म्हटलं, अन्न वाढवताना मिठाचं काय होतं?

“प्रमाणात वाढतं गं, आई.”

“प्रमाणात वाढलं तरच बिघडतं. चौघांची आमटी आठांची करताना मीठ-तिखट दुप्पट टाकून बघ एकदा.”

हे पुस्तकात कुठेच नाही, असं म्हणून माझा सिद्धांत निकाली काढण्यात आला.

सासूबाई आमटी-भात कालवत सगळं ऐकत होत्या. “पातेलं कशाचं म्हणालात?”

“तांब्याचं.”

“मग झालं तर. सूर्याने धर्मराजाला वनवासात दिलेली थाळीही तांब्याचीच.”

दोघांचे घास थांबले. दुर्वास ऋषी दहा हजार शिष्य घेऊन अवेळी आले, थाळी रिकामी, आणि कृष्णाने कडेला चिकटलेलं भाजीचं पान खाल्लं, हे सासूबाईंनी सांगायला घेताच लेक ओरडली, “पान होतं! म्हणजे हाताशी थोडं होतं! गॅम्पच्या नियमात बसतंय, आजी!”

“बसत नाही,” नवरा म्हणाला. “अन्न कुठे वाढलं? नदीवर थेट पोटंच भरली. ही शाखाच वेगळी.”

“उलट वस्तुमानाचा प्रश्नच मिटला ना!”

तव्यावरचा फुलका तेवढ्यात फुगला. थाळीला अट काय होती, हे दोघांपैकी एकालाही विचारायचं सुचलं नाही, म्हणून मीच विचारलं.

“द्रौपदी जेवेपर्यंत अन्न संपायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “ती जेवली की त्या दिवसापुरती थाळी बंद.”

मी तो फुलका माझ्या ताटात घेतला, त्यावर तूप सोडलं, गॅस बंद केला आणि सासूबाईंशेजारी जेवायला बसले. दुसऱ्या घासाला नवऱ्याचं लक्ष गेलं.

“अगं, आमचे फुलके?”

“डब्यात सकाळची एक पोळी आहे,” मी म्हटलं. “वाढवा.”