‘गिझरची कॉइल पंधरा मिनिटांत बदला’ : त्या मेसेजला एका वायरमनचं उत्तर

थंडी पडली की (मुंबईत जी काही पडते ती) सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो : ‘गिझरची कॉइल पंधरा मिनिटांत स्वतः बदला, मेकॅनिकची लूट थांबवा.’ खाली सूचनांची यादी, शेवटी हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ पुढे पाठवा’. मी वायरमन आहे, तेव्हा पोटावर पाय येतोय म्हणून ओरडतोय असं खुशाल म्हणा. कॉइल बदलणं फार अवघड नाही, हे मला मान्यच आहे. काही नट, एक गॅसकेट, दोन वायरी. पाना धरता येणाऱ्याला जमण्यासारखं काम आहे. पण मेसेजमधल्या सूचना गिझरमधला आणि घरातल्या वायरिंगमधला एकेक बचाव काढून टाकायला सांगतात. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

पहिली सूचना : ‘पाणी तापत नाही म्हणजे कॉइल गेली, शंका नको.’ शंका हवीच. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला असेल, जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट उडाला असेल, प्लगची पिन जळून काळी पडली असेल, तरी पाणी गारच राहतं. बऱ्याच गिझरमध्ये कटआउटचं छोटं बटण असतं. वीज तोडून, कव्हर काढून ते दाबलं की गिझर पुन्हा चालू होतो. मात्र तो परत परत उडत असेल तर थर्मोस्टॅट तपासायचा, बटण दाबत बसायचं नाही. कॉइलची खात्री मल्टिमीटरने होते. वायरी सोडवून दोन टोकांत मोजा : 2000 वॅटच्या कॉइलला साधारण 26 ओहम, 3000 वॅटच्या कॉइलला 18 च्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. टोक आणि कॉइलची धातूची नळी यांच्यामध्ये मात्र काहीही दाखवता कामा नये. तिथे आकडा आला तर नळीला चीर जाऊन आतल्या, वीज अडवणाऱ्या पावडरीत पाणी शिरलंय. साधा मीटर प्रत्येक गळती पकडत नाही. काही कॉइली तापल्यावरच गळतात, त्यांना मेगर (जास्त व्होल्ट लावून गळती शोधणारा मीटर) लागतो.

दुसरी : ‘भिंतीवरचं बटण बंद करा आणि कामाला लागा.’ या एका वाक्यापायी माणूस जाऊ शकतो. साधं बटण एकच वायर तोडतं. ती फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, असली पाहिजे. पण जुन्या इमारतींत, तीन-चार जणांनी हात मारलेल्या वायरिंगमध्ये, फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) उलटे झालेले हमखास सापडतात. तसं असेल तर बटण बंद, दिवा बंद, आणि कॉइलवर मात्र 230 व्होल्ट तसेच उभे. सिंगल पोल एमसीबीचीही (जास्त करंटला आपोआप पडणारा, एकच वायर तोडणारा स्विच) हीच गत. पॉवर प्लग असेल तर तो उपटून बाहेर काढा. गिझर थेट जोडलेला असेल तर दोन्ही वायरी तोडणारा डीपी स्विच किंवा घराचा मेन स्विच बंद करा. टेस्टर मात्र आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहा, पेटतो ना (मेन बंद करणार असाल तर त्याआधीच). त्यानंतरच गिझरच्या दोन्ही टोकांना लावा. बिघडलेला टेस्टर सगळीकडे ‘वीज नाही’ असंच सांगतो.

‘गरम पाण्याचा नळ सोडा, टाकी रिकामी होईल.’ होत नाही. उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याच्या पाइपचं तोंड आत टाकीच्या वरच्या बाजूला असतं. खालून गार पाणी आलं की ते गरम पाण्याला वर ढकलतं आणि ते पाणी नळाला येतं. इनलेटचा, म्हणजे गार पाणी आत येतं तिथला, कॉक बंद केलात तर नळातून थोडं पाणी येऊन धार थांबते. लोकांना वाटतं, झाली रिकामी. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये तेव्हा जवळजवळ पंधरा किलो पाणी असतं, आणि कॉइल बसवलेली खालची प्लेट सैल केली की ते सगळं अंगावर. साठ अंश तापलेलं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हणून आधी पाणी निवू द्यायचं. मग कॉक बंद, हवा आत जायला गरम नळ उघडा, खाली बादली, आणि इनलेटच्या बाजूने पाणी काढायचं. इनलेटवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी उलटं न सोडणारी झडप असते, म्हणून तोही सोडवावा लागतो. काही मॉडेलांना पाणी काढायला वेगळा प्लग असतो, त्यांचं काम सोपं.

मेसेजमधली सगळ्यात लाडकी सूचना : ‘2000 ऐवजी 3000 वॅटची कॉइल टाका, पाणी लवकर तापेल, बिल कमी येईल.’ पहिला भाग खरा आहे. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला सुमारे अर्धं युनिट लागतं. 2000 वॅटची कॉइल त्याला साधारण सोळा मिनिटं घेते, 3000 वॅटची साडेदहा. युनिट दोन्हीकडे तेवढंच, मग मीटर बेस्टचा असो की अदानीचा. बदलतो तो करंट : पावणेनऊ अँपिअरच्या जागी तेरा. सॉकेटमध्ये जिथे सैल जोड आहे तिथली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोनपट. इतके दिवस नुसती कोमट होणारी पिन आता वितळते. वायर, सॉकेट, थर्मोस्टॅट, एमसीबी हे सगळं 3000 वॅटसाठी नसेल तर जुन्याच वॅटची कॉइल घ्या. आणि ‘कुठलीही कॉइल कुठेही बसते’ हेही खोटं. प्लेटचा आकार, नटांच्या जागा, नळीचा बाक, थर्मोस्टॅटची नळी, सगळं मॉडेलप्रमाणे बदलतं. जुनी कॉइल पिशवीत घालून लोहार चाळीत (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) न्या आणि शेजारी ठेवून जुळवा. गिझर गॅरंटीत असेल तर हात लावण्याआधी कार्ड वाचा.

आता ज्या ओळीसाठी हे लिहायला बसलो ती : ‘ईएलसीबी सारखा पडत असेल तर गिझरची हिरवी वायर काढून टाका, त्रास संपेल.’ त्रास खरंच संपतो, ईएलसीबीचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच ते यंत्र बघतं. घरातल्या यंत्राला साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की ते वीज तोडतं. चीर गेलेल्या कॉइलमधून निसटलेला करंट हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरीतून जमिनीत जातो, म्हणून फरक दिसतो. वायर काढली की त्याला वाटच उरत नाही. यंत्र शांत. टाकी आणि आतलं पाणी मात्र आता फेजला जोडलेलं, आणि पुढची वाट म्हणजे ओल्या फरशीवर उभा राहून नळाला हात लावणारा माणूस. ईएलसीबी असेल तर तो तेव्हा पडेल, म्हणजे गळती शोधायला घरच्या माणसाचं अंग वापरायचं. जुन्या घरांत तो नसतोच, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याशा गळतीचा पत्ताही लागत नाही. पूर्वी जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांमुळे थोडंफार अर्थिंग आपोआप मिळायचं. आता जिकडे तिकडे प्लॅस्टिकचे पाइप आलेत, तोही आधार गेला. ईएलसीबी पडतो तेव्हा गिझर बंद ठेवा आणि कॉइल बदला. हिरव्या वायरीला हात लावू नका.

‘मुंबईचं पाणी गोडं, आत क्षार साचत नाहीत.’ अर्धं खरं. भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी पावसाचं, बरंच मऊ. पण मे-जूनमध्ये कपात लागली की सोसायटीत टँकर येतो, कुठे बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळतं, आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. थराखाली कॉइल स्वतःच जास्त तापून जाते. प्लेट उघडलीच आहे तर तळातला गाळ काढा आणि मॅग्नेशियमची कांडी बघा. टाकीऐवजी स्वतः झिजायचं हेच तिचं काम. आतली नुसती तार उरली असेल तर कांडीही बदला.

मेकॅनिक लुटतात का? काही लुटतात. नुसता कटआउट दाबून कॉइलचे पैसे घेणारे मला माहीत आहेत. जुनी कॉइल हातात मागा, मीटर तुमच्यासमोर लावायला सांगा. जो ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

शेवटची सूचना, ‘बसवली की लगेच चालू करून बघा’. कोरड्या टाकीत कॉइल बघता बघता जळते. नवीन गॅसकेट लावा, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, कॉक उघडा. गरम नळाला फसफस थांबून एकसारखी धार येईपर्यंत वीज लावायची नाही. मग ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा, तो परत वर करा, आणि मगच गिझर लावा. पाणी तापल्यावर वीज पुन्हा तोडून प्लेटखाली कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर कव्हर लावू नका.